वाकलेलं कार्ड

दिनानाथला कुणी कामावरून काढलं नाही, हेच तर त्याचं दुखणं. पगार तोच, खुर्ची नवी, डोक्यावर पंखासुद्धा. गेली ती फक्त फेरी.

पालघरच्या त्या खिळे-स्क्रूच्या कारखान्यात तो वर्षानुवर्षं सकाळ-दुपार शेडमधून फिरायचा. कुठल्या मशीनवर किती माल उतरला, कुठं काम अडलं, हे विचारायचा आणि फळ्यावर खडूनं मांडायचा. आता माल विचारणारा माणूस नुसता माल विचारतो होय? कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या जावयाचं, सगळं निघायचं. माकुणसारच्या घरी, बायको मंदा गेल्यापासून, बोलायला उरल्या होत्या भिंती. तेव्हा दिवसभराचं बोलणं म्हणजे काय ती ही फेरी.

अडुसष्ट साली मालकांच्या मुंबईच्या हापिसात कॉम्प्युटर आला, आणि झालं! काम संपलं की मालाबरोबरचं भोकाभोकांचं कार्ड पेटीत टाकायचं. कार्डं संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला जायची आणि उद्या कुठल्या मशीननं काय करायचं, ते तिकडून छापून यायचं. कुणाला काही विचारायलाच नको. फळा उतरवला. दिनानाथ काचेच्या खोलीत कार्डं लावत बसला. पलीकडे माणसांचे ओठ हलताना दिसायचे, ऐकू काही यायचं नाही. विनाकारण शेडमध्ये जायचं नाही, असा साहेबांचा हुकूम.

अशात एक कार्ड कोपऱ्यात वाकलेलं आलं. तसलं कार्ड मशीनमध्ये अडकतं, म्हणून ज्याचं त्याला दाखवून बदलायचं. कार्ड होतं पॅकिंगच्या काशीबाईचं. मासवणची बाई, दोन शब्दांच्या वर कधी न बोलणारी. दिनानाथ लगबगीनं गेला. कार्डाचं बोलला आणि जाता जाता तिच्या नाचणीचीही चौकशी केली. तिसऱ्या दिवशी तिचं कार्ड पुन्हा वाकलेलं. मग रोजच! स्वारी खूश. सकाळी पेटी उघडताना पहिलं तेच कार्ड शोधायची.

पण एखाददुसरं नजरेतून निसटून मुंबईला गेलंच. तिकडे मशीन अडलं आणि साहेब कडाडले, "आता एक जरी कार्ड मोडलं, तरी त्या माणसाला घरी बसवा!"

दिनानाथ काशीबाईजवळ जाऊन उभा राहिला. "बाय, कार्ड कशात सापडतंय गं?"

"सापडत नाय. मीच वाकवते."

"अगं, पण का?"

"कार्ड मोडला का तुमी येता," ती खोक्याला दोरी आवळत म्हणाली. "नायतर कोन इचारतंय मला?"

गप्प बसावं, असं त्याला मनापासून वाटलं. वाकवू दे, आपण डोळ्यांत तेल घालून निवडून काढू. पण एखादं पुन्हा निसटलं तर? तिच्या घरात मिळवणारी ती एकटी.

"आता नको वाकवूस, बाय. काढतील तुला."

"मंग तुमी येनार?"

त्यानं काचेकडे पाहिलं. आत साहेब उभे होते.

"बरं," काशीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळी कार्डं सरळ आली. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ते गेल्यावर दिनानाथनं काशीबाईचं कार्ड शोधून काढलं आणि चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. काचेपलीकडे ती मान खाली घालून खोकी बांधत होती. त्यानं कार्ड गठ्ठ्यात ठेवलं आणि दोरी बांधली.