रिकाम्या काट्याचे सहा किलो

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर वजनकाटा, त्याच्या तबकडीवर रेशमी रुमाल आणि शेजारी हलकेबाबा.

"चरबीला मी नुसती हाक मारतो, ती लाजून निघून जाते!" बाबा गरजले. "पण रिकाम्या काट्याकडे पाहू नका. गेलेली चरबी परत चढते!"

थोरली जाऊ काट्यावर उभी राहिली, तेव्हा कुठे बाबांनी रुमाल उचलला. एकवीस दिवसांचे श्वासोच्छ्वास आणि सहा किलो गायब! प्रवेशाला भरलेल्या दोन हजारांचे सहा हजार तिथल्या तिथे तिच्या हातात पडले.

मागच्या रांगेत धाकटीचा नुसता जळफळाट झाला. त्यात सासूबाई म्हणाल्या, "थोरलीच्या अंगात जिद्द आहे हो. काही जणींना जिना चढतानाच धाप लागते."

काही जणी म्हणजे कोण, हे धाकटीला बरोबर समजलं. नव्या तुकडीचा प्रवेश दहा हजार, बक्षीस तीस. शिलाई मशीनला मोटर बसवायला तिने दहा हजार साठवले होते. ते भरायचे आणि जावेचं नाक ठेचायचं, असं तिने तिथेच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी थोरली ड्रेस घेऊन हजर. "अगं, कमरेत चार बोटं आत घे. किती ढगळ होतोय बघ!"

धाकटीने दात-ओठ खात टेप लावला आणि मापांची वही उघडली. महिन्यापूर्वी कंबर अडतीस. आजही अडतीस. तिने पुन्हा मोजली. मत्सर माणसाकडून फार बारकाईने काम करून घेतो. तिसऱ्यांदाही अडतीसच भरली.

"जाऊबाई, सहा किलो गेले कुठून? कानातून?"

"जळतेस तू माझ्यावर!"

"हो, जळते. पण या टेपला कुठे जाऊ आहे?"

संध्याकाळी सभागृहात प्रवेशासाठी रांग लागली. थोरलीही बघायला आली होती. धाकटीचा नंबर आला, तशी काट्यावर चढण्याऐवजी तिने रुमालच ओढला. काट्यावर कुणीच नव्हतं आणि सुई सहावर होती!

"बाबा, हे सहा किलो कुणाचे?"

बाबा रुमाल परत टाकायला धावले. रोज मशीनचे स्क्रू पिळणाऱ्या धाकटीच्या बोटांना काट्याखालची चकती लगेच सापडली. तिने ती फिरवली, सुई शून्यावर आली.

"भरती होताना सुई सहावर, बक्षिसाच्या दिवशी शून्यावर. मधे तुम्ही श्वास घ्या नाहीतर घोरत पडा!"

"मग बक्षीस कशाला दिलं?" रांगेतल्या मास्तरांनी विचारलं.

"आज दहा-दहा हजार घेऊन किती जण उभे आहात, ते बघा की!"

बाबा मागच्या दाराकडे सटकले, पण लोकांनी त्यांना तिथेच धरलं. थोरली मटकन खाली बसली. "मला खरंच हलकं वाटत होतं गं," ती पुटपुटली. धाकटीला आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण जावेचा चेहरा पाहून तो फार वेळ टिकला नाही. ती लोकांकडे वळली.

"माझं मन काही मोठं नाही. जावेवर जळत होते, म्हणून तीनदा मोजलं. तुम्ही कुणावर जळू नका. पण पैसे काढण्याआधी रिकामा काटा एकदा बघत जा."