साळूचं नाव

महिपती मास्तर ठकूबाईच्या ओट्यावर बसले, पण खिशातलं पत्र काही काढवेना. सात वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी शिंपले वेचताना तिची लेक साळू खाडीच्या भरतीत बुडून गेली होती. तिनं शेवटचा दिलेला शिंपला कुठल्याच प्रजातीत बसेना, म्हणून मास्तरांनी नवी प्रजाती मांडून तिला साळूचं नाव दिलं होतं. तरीही दर ओहोटीला कानाशी तिचा आवाज यायचा, “मास्तर, ह्यो नवा हाय काय?”

“ठकूबाई, त्या प्रजातीला शंभर वर्षांमागंच कुणी नाव दिलं होतं. पहिलं नाव तेच खरं धरतात. साळूचं खोडलं.”

“एवढी बुकं वाचलीत, नि ह्ये नाय दिसलं?”

मास्तरांनी ते कळवणारं पत्र काढून ओट्यावर ठेवलं.

आत चार महिन्यांची नात बिननावाची निजली होती.

“सून म्हनते, आत्याचं नाव ठेवू. मी म्हनायची, नाय गो, साळू खाडीत नांदते, तिचं नाव तिला लागतं. आता मोकळं झालं ना?”

“झालं.”

ठकूबाई आत जाऊन पाळण्यावर वाकली. “साळू, ये गो घरी.”

परतताना ओहोटी लागली होती. मास्तर काठावर कान देऊन उभे राहिले. कुणीच काही विचारलं नाही.