दोन उत्तरं, पुढे चला

समस्तीपूरला बदली होऊन आल्यापासून सुलेखा कनकचं घर टाळत होती. शेवटी कनकच एके दिवशी बँकेत येऊन थडकली आणि चारचौघांसमोर म्हणाली, "काय गं ऑफिसरबाई, खुर्ची मिळाली की शिंगं फुटतात का? रविवारी आली नाहीस तर वरात घेऊन येईन!" मग जाणं भागच पडलं.

कनकच्या व्हरांड्यात चटईवर मुली बसल्या होत्या, भिंतीला फळा होता. याच हिवाळ्यात तिने बँकेच्या परीक्षेची शिकवणी सुरू केली होती. सुलेखाला खुर्ची, पुढ्यात ठेकुआची, म्हणजे गव्हाच्या गोड तळलेल्या वड्यांची ताटली, आणि वर कौतुक. "हीच ती सुलेखा दीदी. पाटण्याला आम्ही एका खोलीत राहून अभ्यास केला. मला जे काही येतं ना, ते हिच्यामुळे." मुलींनी उठून प्रणाम केला. सुलेखाने ठेकुआचा तुकडा मोडला आणि तसाच ताटलीत ठेवून दिला.

पाटण्याच्या त्या खोलीत कनक एकाच प्रकारच्या गणितांवर अडायची. क्ष किती, असं विचारून खाली दोन विधानं दिलेली असतात. क्ष काढायचा नसतो, तो काढायला कुठलं विधान पुरेल एवढंच सांगायचं असतं. पण कनकला उत्तर काढल्याशिवाय चैन पडायचं नाही, आणि निम्मा पेपर तसाच राहायचा. सुलेखानेच तिला युक्ती शिकवली, "वर्गसमीकरण दिसलं की सोडवत बसू नकोस. त्याला दोन उत्तरं निघतात, नक्की कुठलं ते कळत नाही, म्हणजे ते एकटं पुरत नाही. दोन उत्तरं, पुढे चला!"

कनक अशी सुटली की पुढच्याच सराव परीक्षेत तिने सुलेखाला मागे टाकलं. ते सुलेखाच्या जिव्हारी लागलं. त्याच आठवड्यात शिकवणीच्या सरांनी वर्गात सांगितलं की कधी कधी दोन्ही उत्तरं एकच निघतात, आणि मग ते विधान एकटं पुरतं. कनक तापाने खोलीवर पडली होती. संध्याकाळी तिने पांघरुणातून विचारलं, "आज काही नवीन?"

"काही नाही गं. तेच ते," सुलेखा म्हणाली होती.

परीक्षेत नेमकं तसंच गणित आलं. केंद्राबाहेर कनक हसत सांगत होती, "मी सोडवून बघितलंसुद्धा नाही, दोन उत्तरं, पुढे चला!" निकालात ती एका गुणाने राहिली. वडिलांनी तिला तेवढी एकच संधी दिली होती, मग लग्न. सुलेखाच्या निवडीचे पेढे मात्र कनकनेच त्या राहत होत्या त्या मुलींच्या अख्ख्या लॉजमध्ये वाटले होते. ते आठवलं की सुलेखाला आजही स्वतःची किळस यायची.

"बोला गं!" कनकने फळ्यावर खडू आपटला. तिथे लिहिलं होतं, क्ष² − १०क्ष + २५ = ०.

"दोन उत्तरं, पुढे चला!" मुली एका सुरात ओरडल्या.

पुढे बसलेली गुंजन चाचरत म्हणाली, "कनक दीदी, पुस्तकात वेगळं दिलंय. हे एकटंच पुरतं म्हणतात. आणि माझी परीक्षा तर येत्या रविवारी आहे."

"पुस्तकं छापणाऱ्यांना काय कळतंय! बँकेची ऑफिसर समोर बसलीय, तिलाच विचार की."

सगळ्या सुलेखाकडे बघायला लागल्या. पुस्तक चुकलंय, एवढं म्हटलं की सुटका होती. पण गुंजनच्या डोळ्यांत तीच जुनी कनक दिसली, पांघरुणातून विचारणारी. सुलेखा उठली, खडू घेतला आणि अवयव पाडले. (क्ष − ५)(क्ष − ५).

"दोन्ही कंसांत तेच आहे," ती म्हणाली. "उत्तर एकच, पाच. पुस्तक बरोबर आहे."

कनक फळ्याकडे बघत राहिली. "परीक्षेतलं माझं गणित असंच होतं गं," ती हळूच म्हणाली. मग एकदम हसली. "म्हणजे दोघीही गाढवच की आपण! तुला तरी काय माहीत असणार तेव्हा!"

तिने मोठ्या मनाने सुटकेचं दार उघडून दिलं होतं. नुसतं हसलं असतं तरी भागलं असतं.

"मला माहीत होतं," सुलेखा म्हणाली. "तुला ताप होता त्या दिवशी सरांनी शिकवलं. तू विचारलंस, आणि मी सांगितलं नाही. तू माझ्या पुढे गेली होतीस म्हणून."

कनकचं हसू चेहऱ्यावरच विरलं. तिने सुलेखाच्या हातातून खडू काढून घेतला आणि मुलींकडे वळली.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "आधी सोडवून बघायचं. कितीही जवळचं माणूस सांगत असलं, तरी आपण सोडवून बघायचं."

मुली लिहायला लागल्या. सुलेखा निघाली तेव्हा कनकने मागे वळून पाहिलं नाही.