इंजिन गेलं की कॅमेरा बंद

मालगाडी बघायला माणसं सुट्टी काढून, पदरचं पेट्रोल जाळून रुळाच्या कडेला उन्हात उभी राहतात, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तेच बरं होतं. आता आमच्या टीव्हीवर दुसरं काही लागतच नाही.

बाबा गेल्या दिवाळीनंतर गेले. सिद्धराम गार्ड म्हणून सोलापूर स्टेशनात सगळे त्यांना ओळखायचे. सगळी नोकरी मालगाडीवर. ते गेल्यावर आई नुसती बसून असायची, म्हणून एका संध्याकाळी मी टीव्हीवर एक जुना व्हिडिओ लावला. कुणा रेल्वेवेड्यानं वीस वर्षांपूर्वी काढलेला, कुर्डुवाडीजवळची मालगाडी. आई ताडकन सरळ झाली.

"ह्यात तुजे बाबा असतील की रं, अभिमन्यू!"

झालं. त्या दिवसापासून रोज मी सात रस्त्यावरच्या ऑफिसातून दमून येतो, चपला काढतो, आणि आई रिमोट माझ्या हातात देते. चहा नंतर, आधी मालगाडी.

तिचंही चूक नव्हतं. बाबांचा ड्युटीवरचा एकही फोटो आमच्याकडे नाही. एक लग्नातला, दुसरा रिटायर झाले त्या दिवशीचा, गळ्यात हार आणि डोळे मिटलेले. जन्मभर तिनं डबा भरून दिला. तो डबा ते कुठं बसून खातात, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. एकदा बघायचं होतं, बस्स.

पण हे व्हिडिओवाले! लांबून धूर दिसला की यांचा श्वास अडकतो. हॉर्न वाजला की धन्य होतात. इंजिन जवळ आलं की त्याचा नंबर देवाचं नाव घ्यावं तसा पुटपुटतात. मग चार-सहा वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, जातात आणि व्हिडिओ संपतो. आणि गार्ड असतो कुठं? अगदी शेवटच्या डब्यात.

"कुटं गेला शेवटचा डबा?" आई रोज विचारायची.

"काढला नाही त्यांनी."

"का?"

"त्यांना इंजिन आवडतं गं आई."

"इंजिनाची घरी कोन वाट बघत बसतंय व्हय?"

मी त्या व्हिडिओंखाली लिहायला लागलो: शेवटचा डबा का दाखवत नाही? एकानं मला इंजिनाची ताकद समजावून सांगितली. दुसरा म्हणाला, डब्यांत काय बघायचं, सगळे सारखेच. त्याला लिहिलेली शिवी मी पाठवायच्या आधी पुसली. अजून पस्तावतो.

त्यात आईनं आणखी एक चालवलं होतं. बाबांचं नाव निघालं की, "देवमानूस हुते. कदी मला उलट बोलले न्हाईत, कदी मी त्यांना." मी याच घरात वाढलो की! पंख्यावरून भांडण, साखरेवरून भांडण, आणि थंडीत मफलरवरून तर हमखास. नवी पेठेतून लोकर आणून तिनं एक जांभळा मफलर विणला होता. ड्युटीवरून येऊन बाबांनी आपली लोखंडी पेटी उंबऱ्यात ठेवली रे ठेवली की हिचा प्रश्न, "मफलर घातला हुता का?" "घातला की." "मग खोकताय कशापायी?" तिथून जे सुरू व्हायचं ते जेवणापर्यंत. आणि आता म्हणे देवमाणूस. तिचं हे गोड गोड बोलणं ऐकलं की बाबा आणखी लांब गेल्यासारखे वाटायचे आणि मी चिडायचो.

शेवटी पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांना माझी दया आली. त्यांनी आपलं जुनं चित्रण न कापता पाठवलं. सोबत लिहिलं होतं, "टिकेकरवाडी स्टेशन, डिसेंबर २००४. इंजिन गेल्यावर कॅमेरा बंद करायला विसरलो. हात खाली गेल्यामुळे पुढचं चित्र आडवं झालंय. तेवढा भाग सोडून द्या, क्षमस्व."

मी लावलं. धूर आला, हॉर्न आला, इंजिन गेलं. मग जग एका कुशीवर वळलं. वाघिणी टीव्हीत वरून खाली जायला लागल्या, आणि मागून हे गृहस्थ कुणाला तरी विचारत होते की वडे गरम आहेत का. आईनं मान वाकडी केली. मीही केली. माझी बायको अंकिता दारातून बघून म्हणाली, "दोघांची एकदमच अवघडली का?"

आणि शेवटचा डबा आला. पांढरा गणवेश, हातात हिरवा झेंडा, काळेभोर केस. बाबा! आडवे, पण बाबाच. स्टेशनाकडे बघत झेंडा दाखवत होते. मी बोट दाखवायला हात उचलला. तोवर ते गेलेसुद्धा.

"परत लाव," आई म्हणाली. मी लावलं. "थांबव तितंच."

मी थांबवलं. आई उठून टीव्हीपाशी गेली. मला वाटलं, आता ती रडणार. मीच रडायला आलो होतो. तिनं बोट ठेवलं, पण बाबांच्या चेहऱ्यावर नाही, त्यांच्या मागच्या दारावर. दार आपटू नये म्हणून ते कठड्याला बांधून ठेवलं होतं. जांभळ्या मफलरनं.

"बघितलंस? दाराला! मी विणलेला मफलर दाराला बांधलाय ह्या मानसानं!" तिचा आवाज चढला. "आनि मला म्हनायचे, घातला की! खोटारडं मानूस! उगंच खोकत हुते व्हय? बोला की आता! झेंडा काय दावताय?"

बाबा झेंडा धरून गप्प उभे होते. खोटं पकडलं गेलं की ते नेहमी गप्पच उभे राहायचे. ते गेल्यापासून आई पहिल्यांदा त्यांच्यावर चिडली होती, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. ती दमेल म्हणून मी रिमोट उचलला.

"खबरदार बंद केलास तर," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "मला अजून लई बोलायचं हाय."