वरून आलेलं बोलावणं

मॅनेजर हॅल्व्हर्सनने सूर्यफुलाच्या बियांची पुडी खणात टाकली, टेबलावर हात एकमेकांत अडकवले आणि चेहरा रागीट करून पाहिला.

"थोडा कमी," ब्रिजेट म्हणाली. "आत्ता दाढ दुखल्यासारखा दिसतोय."

बेसबॉल क्लबच्या व्हिडिओंचं काम तिच्याकडे होतं. टोप्यांच्या फळीवर, दोन टोप्यांमधल्या फटीत तिने आपला फोन उभा केला, मागे सरकून पाहिलं, पुन्हा बोटभर डावीकडे सरकवला. टेबलासमोरची रिकामी खुर्ची आता बरोबर मधोमध येत होती. फोन सुरू करून ती बाहेर गेली. ती खोलीत असली की पोरांना संशय येतो, हा गेल्या वर्षीचा अनुभव होता.

सोफ्यावर ओस्वाल्दो बसला होता, पिचर लोकांचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांचा कोच. त्याचं काम एवढंच होतं, की हसायचं नाही. ते त्याला कधीच जमलेलं नव्हतं, म्हणून त्याने टोपी नाकापर्यंत ओढून घेतली होती.

सकाळी वरून फोन आला होता. वर म्हणजे मेजर लीगचा संघ. त्यांचा हा क्लब, हेरन्स, म्हणजे त्या संघाच्या लगेच खालची पायरी. इथून पुढे एक तर वर जायचं, नाहीतर घरी. वरच्या एका पिचरच्या बरगडीत लचक भरली होती आणि उद्याच्या सामन्याला त्यांना डेस्मंड प्रूइट हवा होता. बावीस वर्षांचा, उजव्या हाताने फेकणारा, आर्कान्सा राज्यातल्या एका गावाचा. ते गाव शोधायला ओस्वाल्दोला नकाशा दोनदा मोठा करावा लागला होता.

ही बातमी सरळ सांगायची पद्धत नव्हती. आधी पोराला घाबरवायचं, मग सांगायचं. संघ बाहेरच्या बोळात कान लावून उभा राहतो, पोराचा चेहरा उतरतो, मग उजळतो, मग सगळे आत घुसतात. हे सगळं फोनमध्ये येतं आणि संध्याकाळपर्यंत अनोळखी लोक ते बघून डोळे पुसत असतात. वरच्या कचेरीलाही ते हवं असतं. सकाळच्या फोनवर त्यांनी तेवढ्यासाठी वेगळी आठवण केली होती.

हॅल्व्हर्सनची या कामात ख्याती होती. दुसरे मॅनेजर काहीतरी खोटा आरोप रचतात: उशिरा आलास, पळताना आळस केलास. हॅल्व्हर्सन आरोपच करत नसे. गुन्हा आपण सांगायचा नाही, समोरच्याला स्वतःच शोधू द्यायचा. गेल्या मोसमात एका पोराने अशा वेळी व्यायामशाळेतलं यंत्र आपणच मोडल्याचं कबूल केलं होतं. त्याच्या आधीच्याने, कॅचर मौरोचे बूट बसच्या खिडकीतून कुणी टाकले ते सांगून टाकलं होतं. मौरो दोन मोसम त्याचा शोध घेत होता.

दारावर टकटक झाली.

"ये. दार लोटून घे."

डेस्मंड आत आला. नुकताच पळून आला होता, कानशिलं ओली होती. खुर्चीवर बसून त्याने तळवे गुडघ्यांवर ठेवले. त्याने आधी ओस्वाल्दोकडे पाहिलं, पण टोपीखाली काही दिसत नव्हतं.

"सकाळी वरून फोन आला होता," हॅल्व्हर्सन म्हणाला. "तुझ्याबद्दल."

"माझ्याबद्दल, स्किप?" मॅनेजरला सगळा क्लब याच नावाने हाक मारत असे.

"तुला काही सांगायचंय का मला? त्यांनी मला सांगितलं ते तू आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, एवढंच म्हणतोय."

पोरगा च्युइंग गम चघळत होता तो थांबला. हॅल्व्हर्सनला मनातल्या मनात बरं वाटलं. डेस्मंडने भाड्याच्या खोलीत भटकी मांजर लपवली आहे, हे घरमालकीण सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. आता मांजर बाहेर येणार होती.

"किती कळलंय त्यांना?"

"सगळं. त्यांच्याकडे कॅमेरे आहेत, डेझ. प्रत्येक चेंडूचे आकडे आहेत. तुला काय वाटलं, कुणाला दिसणार नाही?"

हे तो सगळ्यांनाच म्हणत असे. यंत्र मोडणाऱ्यालाही त्याने हेच सांगितलं होतं.

डेस्मंडने मान खाली घातली. मग उजवी बाही हळूच वर सरकवली, जणू दाखवण्यासारखं तिथे काही होतं. काही नव्हतं. ना सूज, ना डाग.

"कोपर," तो म्हणाला. "आतल्या बाजूने. आधी फक्त दुसऱ्या दिवशी दुखायचं. आता फेकतानाच कळ येते, चेंडू सुटतो त्याच्या जरा आधी."

ओस्वाल्दोने टोपी वर केली.

"मौरोचा काही दोष नाही, स्किप. मीच त्याला सांगितलं होतं, वळणारा चेंडू कमी मागव. सरळ फेकला की इतकं दुखत नाही."

कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर खुणेने सांगतो. वळणारे चेंडू कमी झालेत, हे ओस्वाल्दोने महिन्यापूर्वीच टिपलं होतं आणि वर कळवलंही होतं. पोरगा आता ताकदीवर नाही, डोक्यावर खेळायला लागला आहे, असं त्याने लिहिलं होतं. हॅल्व्हर्सनने त्याला दुजोरा दिला होता. सकाळच्या फोनवर तेच वाक्य त्याला परत ऐकवण्यात आलं होतं: आता तो डोक्याने खेळतो, म्हणूनच हवा आहे.

हॅल्व्हर्सनने फळीकडे पाहिलं नाही. न पाहताही फोन तिथे आहे हे त्याला कळत होतं, पाठीमागे कुणी उभं असल्यासारखं.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"कुठून दाखवू? दाखवलं की नोंद होते." त्याचा आवाज बारीक झाला. "मला काढू नका, स्किप. कापा, शिवा, वर्षभर बसवा. मी बसेन. पण घरी पाठवू नका."

आता काहीतरी बोलायला हवं होतं. नेहमीच्या खेळात याच जागी हॅल्व्हर्सन उठायचा, पोराच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि सामान बांधायला सांगायचा. तो बसूनच राहिला. ओस्वाल्दोच त्याच्याऐवजी उठला, पाणी आणायला किंवा नुसताच. दाराच्या धुरकट काचेवर त्याची सावली पडली. बोळातल्या लोकांना वाटलं, झालं.

दार भिंतीवर आपटलं. मौरो सर्वांत पुढे होता, हातात बर्फाच्या पाण्याची बादली. ती त्याने डेस्मंडच्या डोक्यावर उपडी केली. कुणीतरी दाढीचा फेस आणला होता, कुणी टेबलावर चढला, कुणी नुसताच टाळ्या वाजवत होता. वर चाललास, ते ओरडत होते, उद्या वर चाललास, गाढवा.

डेस्मंडला कळायला थोडा वेळ लागला. पाणी डोळ्यांतून पुसत त्याने एकेकाकडे पाहिलं. ते काय म्हणतायत ते लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला, अगदी इतरांसारखा. मग तो चेहरा हॅल्व्हर्सनकडे वळला आणि तिथेच थांबला. गर्दीतलं कुणीच ते पाहत नव्हतं.

ब्रिजेटने वाट काढत फळीवरून फोन घेतला.

"रडला का?"

"आत्ता कुठे पाठवू नकोस तो," हॅल्व्हर्सन म्हणाला.

"वरचे वाट बघतायत. आणि मला काय, शेवटचाच तुकडा लागतो. सुरुवात मी न बघताच कापते. सगळे तेच ते घाबरणं."

"मी सांगेपर्यंत नको."

तिने खांदे उडवले. थोड्या वेळाने मौरोने सगळ्यांना ढकलत बाहेर नेलं. जाताना तो डेस्मंडच्या डाव्या खांद्यावर थोपटून गेला. बोळात गाणं लागलं.

खोलीत तिघेच उरले. गालिच्यावर बर्फाचे खडे पडले होते. डेस्मंड ते एकेक उचलून बादलीत टाकू लागला.

"राहू दे ते," ओस्वाल्दो म्हणाला.

"तुम्ही गंमत करत होतात," डेस्मंड म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही. "त्यांना काहीच कळलेलं नव्हतं."

"नव्हतं."

त्याने आणखी एक खडा बादलीत टाकला. "मग मीपण गंमतच केली, स्किप. म्हटलं, तुम्ही माझी फिरकी घेताय तर मीही घेतो. कोपराला काही झालेलं नाही."

हॅल्व्हर्सनने ओस्वाल्दोकडे पाहिलं. ओस्वाल्दोने दार नीट लावून घेतलं आणि दबक्या आवाजात बोलू लागला. तो जे म्हणत होता ते या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोपरातला तो हाडं बांधून ठेवणारा दोर तुटायचा असेल तर तुटणारच, आज नाहीतर पुढच्या महिन्यात. इथे तुटला तर पोरगा खालच्या लीगमधला एक मोडका पिचर, दीड वर्षाने त्याचं नाव कुणाला आठवणार नाही. वर एक चेंडू टाकून तुटला तर तो मेजर लीगचा जखमी खेळाडू. वरचे डॉक्टर, वरचा पगार, आणि बसून काढलेला प्रत्येक दिवस वरच्या नोकरीत धरला जाणार. आपण तोंड उघडलं तर त्याचं भलं होईल, असं तुला खरंच वाटतं का, त्याने विचारलं.

"आणि तुटायचा नसेल तर?" हॅल्व्हर्सन म्हणाला. "आत्ता थांबला तर वाचण्यासारखा असेल तर?"

"ते तुला कळतं? मला नाही कळत."

हॅल्व्हर्सनलाही कळत नव्हतं. एवढं मात्र कळत होतं, की त्याने ऐकलं होतं. ऐकलं की कळवायचं, हा नियम होता, आणि तो त्याने कधी मोडला नव्हता. तो मोडण्याची वेळच आली नव्हती, कारण पोरं त्याला असलं काही सांगत नसत. कुठलाच पिचर कुठल्याच मॅनेजरला सांगत नाही. त्याने ते काढून घेतलं होतं, हसण्यासाठी.

डेस्मंडने खिशातून आपला फोन काढला, ओल्या शर्टाला पुसला आणि आईला लावला. त्याची आई गावात शाळेची बस चालवायची, या वेळी ती घरी असे. बोलणं थोडंच झालं. तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता आणि पलीकडून हसण्याचा आवाज येत होता.

"तिला खरं वाटत नाहीये," तो हॅल्व्हर्सनला म्हणाला. "म्हणते, तुमचे व्हिडिओ पाहिलेत. तुमच्याच तोंडून ऐकायचंय तिला."

त्याने फोन पुढे धरला. त्याच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. डोळ्यांत विनवणी नव्हती. मैदानातल्या पिचरच्या उंचवट्यावर उभा राहून तो कॅचरच्या खुणेची वाट पाहायचा तसा तो बघत होता: काय ते सांग, मी टाकतो.

हॅल्व्हर्सनने फोन कानाला लावला.

"नमस्कार, मॅडम."

"कोच, आधीच सांगते, मी रडणार नाही," बाई म्हणाली. "गेल्या वर्षी त्या पोराला तुम्ही कसं रडवलंत ते मी दहा वेळा पाहिलंय. एवढा मोठा घोडा, हुंदके देत होता. तेव्हा मला फसवू नका. सरळ सांगा, खरं आहे का?"

ओस्वाल्दो जमिनीकडे बघत होता.

"त्याला वर बोलावलंय, मॅडम," हॅल्व्हर्सन म्हणाला. "उद्याच्या सामन्याला. हे खरं आहे."

पलीकडे शांतता झाली. तो हुंदक्याची वाट पाहत होता, आया या क्षणी बोलू शकत नाहीत, त्याला सवय होती. पण बाई रडत नव्हती. वर्षानुवर्षं आरशात मागच्या बाकांवर नजर ठेवणारी ती बाई होती. कुठली शांतता साधी आणि कुठली नाही, हे तिला कळत असावं.

"बरं," ती सावकाश म्हणाली. "आणि खरं काय नाही?"

डेस्मंडला ते ऐकू आलं. त्याने फोन परत घ्यायला हात पुढे केला. डावा हात. उजवा त्याने पोटाशी धरून ठेवला होता, कोपरात वाकवून. आपण तो तसा धरला आहे हे त्याच्या लक्षातही नसावं.

हॅल्व्हर्सनने फोन त्याच्या हातात दिला नाही. आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर, दोघांच्या मधे ठेवला.

"मॅडम, डेझ इथेच आहे," तो म्हणाला. "तुमचं आम्हा दोघांनाही ऐकू येतंय."

बोळात कुणीतरी गाण्याचा आवाज वाढवला, मग बहुधा मौरोने तो कमी करायला लावला. डेस्मंड टेबलाशी उभा राहिला. त्याने हॅल्व्हर्सनकडे पाहिलं, ओस्वाल्दोकडे पाहिलं, मग फोनकडे.

"डेझ?" आई म्हणाली. "बस खाली, बाळा. आणि बोल."

तो बसला.