हट्ट्याचा हळदी फासा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. वीस बाजूंचा. तुम्ही म्हणाल, जुना म्हणजे किती, पांडवांच्या काळातला? छे हो! माझं वय उणंपुरं सहा वर्षं. पण मी आहे हळदीचा, आणि हळदीच्या गड्ड्यानं सहा वर्षं तग धरणं म्हणजे काही खायचं काम नाही. माझ्या भावंडांची पहिल्याच वर्षी पूड होऊन फोडण्या झाल्या.

माझा जन्म वसमत तालुक्यातल्या हट्टा गावचा. ग्यानबांच्या शेतातून मी निघालो, कढईत शिजलो आणि खळ्यावर ताडपत्रीवर वाळत पडलो. आता फिरत्या ढोलात जायचं, अंगाला चकाकी आणायची आणि पोत्यात बसायचं, एवढंच माझ्या नशिबात होतं. पण ग्यानबांची लेक कोमल तेव्हा एका वेगळ्याच अडचणीत होती.

झालं असं, की कोमलचा वर्गमित्र सोमेश्वर नांदेडला शिकायला होता. तिथून त्यानं एका इंग्रजी खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स आणली. हा खेळ मोठा मजेचा. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. राक्षस, गड, जादू, पंखवाला अजगर, सगळं त्यात. खिंड ओलांडता आली की पाय घसरला, ते ठरवतो वीस बाजूंचा फासा. वीस पडला तर झकास, एक पडला तर सत्यानाश. खेळाचं मूळ नाव लांबलचक होतं. या पोरांनी त्याचं करून टाकलं 'काळी खिंड'.

झेरॉक्स अर्धवट होती, मधली कितीतरी पानं गायब. फासा तर वसमतच्या बाजारात कुणी नावानंही ओळखेना. मग कोमलचे काका भागवत म्हणाले, "फासाच पायजे ना? आन् त्यासाठी एवढं तोंड पाडून काहून बसली? करून देतो."

त्यांनी ताडपत्रीवरून मला उचललं. मी अर्धा वाळलेला, कापायला सोपा होतो. माझ्याआधी तीन गड्डे वाया गेले, एकाच्या सतरा बाजू झाल्या तर एकाच्या तेवीस! मी मात्र बरोब्बर वीस बाजूंचा उतरलो. तापवलेल्या दाभणानं त्यांनी माझ्या अंगावर आकडे कोरले. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण वीसचा आकडा कोरून झाल्यावर त्यांनी फुंकर मारली, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

मग सुरू झाले आमचे रविवार. खळ्यावर ताडपत्री अंथरायची, दुपारी चौघांनी बसायचं. कोमल गोष्ट सांगायची. सोमेश्वर मांत्रिक, मंजुषा तिरंदाज. आणि चौथा संतोष. तो जवळच्या लमाण तांड्यावरचा. त्याच्या खापरपणजोबांच्या काळात ती माणसं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर हिंडायची. झेरॉक्समध्ये माल वाहणाऱ्या तांड्याबद्दल जेमतेम चार ओळी होत्या, पुढचं पान नव्हतं. संतोष म्हणाला, "मी यातला तांडेवाला बनतो. पुढचं मी आजीला विचारून येतो."

त्याची आजी जिवनबाई म्हणजे गोष्टींचं कोठारच. तिनं सांगितलं ते सगळं संतोषनं खेळात आणलं. त्याच्या माणसाचं नाव धर्मसिंग. धर्मसिंगचे शंभर बैल, पुढच्या बैलाच्या शिंगाला आरसे. आणि त्याचा एक नियम होता, जो जिवनबाईच्या तोंडून आला होता: मीठ घेऊन आलेल्या लमाणाला कुठल्याही गावानं दरवाजा बंद करायचा नसतो, आणि लमाणानंही मिठावाचून कुणाला ठेवायचं नसतो. धर्मसिंगनं सहा वर्षांत त्या काळ्या खिंडीतून किती वेळा मीठ पोचवलं, ते मी सांगू शकतो. प्रत्येक वेळी मीच तर पडलो होतो!

आता आमच्यातली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. खेळात कुणाला जखम झाली, की त्याच्या कागदावर मला घासून हळद लावायची. जखम म्हटल्यावर हळद हवीच, आणि फासाच हळदीचा! कोमलनं त्यात आणखी एक भर घातली: "ज्यानं जखम केली त्यानंच लावायची." राक्षसांच्या वतीनं तीच खेळायची, म्हणून बहुतेकदा तीच मला घासायची. जखमेगणिक मी तसूभर झिजत गेलो, माझे कोपरे बोथट झाले. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. हळदीनं झिजू नये तर काय करावं?

पोरं मोठी झाली. सोमेश्वर नांदेडला नोकरीला लागला, मंजुषा कळमनुरीला नर्स झाली, संतोषनं टेम्पो घेतला. बैल गेले पण माल वाहणं सुटलं नाही, असं तो हसून म्हणायचा. तरी महिन्यातून दोन रविवार चौघं जमायचीच.

आणि एक दिवस बातमी आली, 'काळी खिंड'वर पिच्चर निघाला! हिंदीत डब होऊन नांदेडला लागला! काय सांगू तुम्हाला, लगीनघाई असते तशी गडबड. संतोषच्या टेम्पोतून चौघं निघाली. मला कोमलनं पर्समध्ये घेतलं. "यालाबी दाखवू," म्हणाली. आमच्या खेळाचा पिच्चर आणि मी घरी? शक्यच नव्हतं.

थेटरात मला दिसलं काहीच नाही, कारण कोमलनं मला मुठीत धरलं होतं. ऐकू मात्र सगळं आलं. अजगर डरकाळला तेव्हा मंजुषा "आई गं!" म्हणाली. मग घुंगरांचा आवाज आला. तांडा आला होता. संतोष खुर्चीत पुढं सरकला, खुर्ची करकरली. "आला, धर्मसिंग आला!" तो कुजबुजला.

पण पिच्चरमधला तांडा चोरांचा निघाला. गडाला वेढा पडलेला, आणि या लमाणांनी आतून दरवाजा उघडून शत्रूला आत घेतलं. मग नायकानं तांड्याच्या नाईकाला उभा कापला. सगळं थेटर टाळ्या-शिट्ट्यांनी दणाणलं. एक शिट्टी तर अगदी माझ्या कानाशी वाजली. ती सोमेश्वरची होती.

कोमलची मूठ एकदम घट्ट झाली. सोमेश्वरच्या पलीकडे संतोष बसला होता. त्याची खुर्ची पुन्हा करकरली नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर ज्याची त्याची तोंडं सुरू झाली. मंजुषा अजगरासाठी रडली होती. कोमल म्हणाली, "आपली खिंड काळ्या दगडाची, पळसाची. तिथं बर्फ कुठून आलं?" सोमेश्वरचे पाय जमिनीवर नव्हते. "काय पिच्चर केलाय राव! येक नंबर!" संतोषनं चहा अर्धा सोडला. "चला, मला माल पोचवायचाय," एवढंच बोलला.

तांड्यावरच्या माणसाला चोर म्हटलेलं संतोषनं पहिल्यांदाच ऐकलं नव्हतं. पण आजवर ते ऐकून तो रविवारी खळ्यावर यायचा आणि धर्मसिंग व्हायचा. आता तिथंही तेच आलं होतं.

सोमेश्वरनं पिच्चरबद्दल बोलण्याचा एक व्हिडिओ टाकला. खाली लोकांच्या प्रतिक्रियांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं वा वा, कुणी लिहिलं तीन तास वाया, कुणी लिहिलं ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांनाच कळणार. गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला. कुठूनतरी त्यानं पूर्ण पुस्तक मागवलं आणि पुढच्या रविवारी खळ्यावर घेऊनच आला.

"हे बघा, आपलं गायब पान. त्र्याऐंशी," तो म्हणाला. "तांडेवाल्यांनी दरवाजा उघडला, असं पुस्तकातच लिव्हलंय. म्हंजी पिच्चर बराबर हाय, आपणच सहा वर्सं चुकीचं खेळून राहिलो."

"मंग?" कोमलनं विचारलं.

"मंग काय, धर्मसिंगला गद्दार करा. न्हाईतर फासा टाका. दहाच्या खाली आला तर गद्दार."

त्यानं मला संतोषपुढं ठेवलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात तेवढ्याच वेळी मला वाटलं, आपण फासा नसतो तर बरं झालं असतं. संतोषनं मला हात लावला नाही. त्यानं धर्मसिंगचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"खेळा तुमी," तो म्हणाला. "बराबर खेळा."

टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. कोमल सगळा वेळ मूग गिळून बसली होती, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

मग चार महिने रविवार आलाच नाही. मी कोमलच्या घरात खिडकीत पडून होतो, अंगावर धूळ, शेजारी बंद पडलेलं घड्याळ. तिघा जणांत खेळ होतो, पण कुणाला बसावंसंच वाटेना. सहा वर्षांची मैत्री एका शिट्टीत संपली की काय, हीच काळजी मला खात होती.

एकदा कोमलच्या आई मंजुळाबाईंची दळलेली हळद संपली. त्यांनी खिडकीत हात घातला, मी हाताला लागलो आणि थेट खलबत्त्यात! बत्ता वर गेला. संपलं, म्हटलं, गेलो भावंडांच्या वाटेनं. तेवढ्यात बाई थबकल्या.

"अगं बाई! याच्यावर तर आकडे हायेत. कोमल, हा तुमचा खेळातला ना गं?"

कोमल धावत आली. "आई! त्याला काहून घेतलं?"

"मला काय ठावं? जखमेला लावायचा म्हणत होतीस, आन् चार महिन्यापासून खिडकीत ठिवलाय. कुणाला लागलंच न्हाई का तवापासून?"

कोमल मला हातात घेऊन उभी राहिली. मग तिनं फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोमेश्वर दारात हजर झाला.

"रीत म्हायती हाय ना?" कोमलनं मला त्याच्यापुढं धरलं. "जा, लाव."

"मी कुठं मारलं त्याला? पिच्चरवाल्यानं मारलं. पुस्तकात..."

"शिट्टी कुणी वाजवली?"

सोमेश्वरचा चेहरा उतरला. तो पायरीवर बसला. "त्याच्या बाजूलाच बसलो होतो गं मी," तो हळूच म्हणाला. कोमल म्हणाली, "आन् मी त्या दिवशी खळ्यावर गप बसले. मीबी येते."

तांड्यावर संतोष टेम्पो धूत होता. त्यानं बघितलं आणि पाणी मारत राहिला. जिवनबाईनं मात्र बाज टाकली, पाणी दिलं. "लई दिवसानं आलात लेकरांनो. बसा."

सोमेश्वर बसला नाही. त्यानं मला तळहातावर धरलं. "संत्या, कागद दे. हळद लावायचीय."

"कायची हळद? खेळ संपला."

"दे ना. माझ्यापायी झालंय ते."

संतोषनं टेम्पोच्या कागदपत्रांमधून एक घडी काढली. म्हणजे त्यानं ती फेकली नव्हती! उघडली तर सहा वर्षांचे पिवळे डाग त्यावर होते, माझेच. सोमेश्वरनं कागद गाडीच्या पुढच्या झाकणावर पसरला.

"कुठं लागलंय?" त्यानं विचारलं.

संतोषनं बोट ठेवलं. "इथं. नावावर."

सोमेश्वरनं मला घासलं. आजवर कोमल घासायची ती हलक्या हातानं. यानं मात्र दाबून घासलं, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही थांबला नाही. 'धर्मसिंग' ही सगळी अक्षरं पिवळी झाली. जी बाजू कागदाला लागली होती ती माझी विसाची. तिच्यावरचा आकडा पुरता झिजून गेला. जाऊ द्या. तेवढ्यासाठीच तो माझ्या अंगावर होता असं मला वाटतं.

जिवनबाई बाजेवरून म्हणाली, "पी हळद अन् हो गोरी, असं न्हाई होत बाबा. जखमेला दोन-चार रोज द्यावे लागतेत."

"दोन-चार रोजानं रविवारच हाय, आजी," कोमल म्हणाली. संतोषनं कागदाची घडी घातली, या वेळी दोनच.

रविवारी दुपारी ताडपत्री अंथरली. मंजुषा कळमनुरीहून आली. तिघं रस्त्याकडं कान लावून बसली, आणि मीही. शेवटी टेम्पोचा आवाज आला.

संतोष आला, बसला आणि म्हणाला, "त्र्याऐंशीवं पान काढ." सोमेश्वर "ऱ्हाऊ दे ना" म्हणत होता, पण संतोषनं त्याला ते पान वाचायलाच लावलं. गडाला वेढा, दरवाजा, तांडा. मग संतोषनं मला उचललं आणि टाकलं. मी गडगडत गेलो आणि थांबलो. वर आली कोरी बाजू.

"आता हे किती धरायचं?" मंजुषानं विचारलं.

कोमल म्हणाली, "कोरी आली की ज्याचा डाव त्यानं सांगायचं."

संतोषनं मला तळहातावर घेतलं. "दरवाजा धर्मसिंगनंच उघडला," तो म्हणाला. "पुस्तक बराबर हाय. आतल्या लोकांचं मीठ संपलं होतं. मीठ लादलेले शंभर बैल त्यानं वेढ्यातून आणले, ते आत घ्यायला दरवाजा उघडला. शत्रू मागून घुसला."

"मंग आता?" सोमेश्वरनं विचारलं.

"आता काय, मांत्रिकबुवा? दरवाजा लावायला चला माझ्यासंगं. येकट्यानं लागत न्हाई तो."

सोमेश्वर पुढं सरकून त्याच्या शेजारी बसला, आणि खेळ सुरू झाला.

तर मित्रांनो, अशी माझी कथा. मला काचेच्या पेटीत ठेवा, मखमलीत गुंडाळा, असलं काही मी मागत नाही. खिडकीत ठेवलेली हळद वापरलेल्या हळदीपेक्षा लवकर किडते, हे मी चार महिने अनुभवलंय. फक्त एवढंच सांगतो. तुमच्या हातून कुणाला लागलं, तर दुसऱ्यानं येऊन हळद लावावी म्हणून वाट बघू नका. आपण जायचं, कुठं लागलंय ते विचारायचं आणि तिथंच लावायची. माझ्या अजून एकोणीस बाजू शिल्लक आहेत.