पाहुण्याचा साठा

आमच्या औषध-गोदामाचं जुनं नियोजनाचं सॉफ्टवेअर वीस वर्षं मास्तरांनी चालवलं. मास्तर म्हणजे माझ्या आधीचे प्लॅनर. शिकवायची खोड, म्हणून ते नाव पडलं. ते निवृत्त होऊन डोंगरातल्या गावी गेले आणि खरेदी, साठा, गाड्या सगळं एकाच पडद्यावर दाखवणारी नवी प्रणाली माझ्या गळ्यात पडली.

जुनी माहिती नव्या घरी हलवण्याआधी साफ करायची होती. त्यात एक ग्राहक सापडला, 'पाहुणा'. पत्ता नाही, फोन नाही. डोंगरातल्या डेपोत त्याच्या नावावर डायलिसिसच्या तीनशे पिशव्या कायम राखीव, आणि एकदाही उचललेल्या नाहीत. मास्तरांची बोटं घसरली असणार, असं म्हणत मी तो पुसून टाकला. एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं? पण शहाणपणाची मला भारी हौस. प्रणालीनं त्या पिशव्या लगेच दुसरीकडे वळवल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

दोन महिन्यांनी दरड कोसळून डोंगरातला रस्ता बंद झाला. पाचव्या दिवशी मास्तरांचा फोन आला.

"अगं, डेपोवाला म्हणतोय पिशव्या संपल्या. पाहुण्याच्या आहेत ना तिथं?"

"पण पाहुणा म्हणजे कोण?" मी विचारलं.

"रस्ता दरवर्षी बंद पडतो," ते म्हणाले. "जुन्यात राखीव साठ्याला रकानाच नव्हता, म्हणून खोटा ग्राहक केला होता. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ."

"मास्तर, मी पुसला त्याला."

काकूंचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, डायलिसिस घरीच चालायचं, दिवसाला चार पिशव्या. हे मला चांगलं ठाऊक होतं.

"आज दोनवर भागवलंय," ते म्हणाले. "तू जेवलीस का?"

मला रडू फुटलं. मी सगळ्यांच्या हातापाया पडले, पण गाडी वर पोचली ती बाराव्या दिवशी, रस्ता उघडल्यावर.

त्यानंतर मास्तरांना फोन करायची माझी छाती झाली नाही. त्यांचाही आला नाही. पुढच्या महिन्यात मी डोंगरातल्या डेपोच्या मागणीचा अंदाज उघडला. प्रणालीनं तो आपोआप सुधारला होता, महिन्याला एकशेवीस पिशव्या कमी.

मी तिसानं दोनदा भागून पाहिलं. दिवसाला चार.